सुसानाला सापडलेलं बटण

स्वप्नाली पाटील दिवसभर लॅपटॉपसमोर बसून नेमकं काय करते, हे कळसाडी गावात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. तिच्या आईला, छबूबाईला, बाया शेतात विचारायच्या आणि छबूबाई विषय बदलायची. शेवटी एकदा कापूस वेचून आल्यावर तिने हातपाय धुतले आणि लेकीलाच धरलं.

“तू दिनभर करस तरी काय?”

“पडदा बनाडस, आई. मोबाईलना पडदा. आपुन बोट लावतस ना, तो.”

“पडदाच शिवाना व्हतात, ते पुणाले कसाले गई व्हती?”

स्वप्नाली इतकी हसली की तिला लॅपटॉप बाजूला ठेवावा लागला.

काम तसं सांगायला सोपं होतं. पूर्वी कोणाला ॲप हवं असलं की तेच काम तीनदा करावं लागे. एका जातीच्या फोनसाठी एकदा, दुसऱ्या जातीच्या फोनसाठी पुन्हा, आणि संगणकाच्या ब्राउझरसाठी तिसऱ्यांदा. स्वप्नाली ज्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ॲप बांधायच्या तयार सांगाड्यात, काम करायची त्यात एकदाच लिहायचं. तेच तिन्हीकडे चालायचं आणि तिन्हीकडे हुबेहूब सारखं दिसायचं. पुण्याच्या एका कंपनीत तीन वर्षं तिने हेच केलं, मग घरून केलं आणि मग नोकरी सोडून स्वतःची कामं घ्यायला लागली. सव्विसाव्या वर्षी तिचा हात असा बसला होता की एखादं चित्र कागदावर काढून दिलं तर संध्याकाळपर्यंत ते फोनवर चालताना दाखवायची. आपल्याला हे चांगलं येतं, हे तिला ठाऊक होतं आणि ते लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

विसरवाडीच्या संस्थेचं काम तिच्याकडे आलं ते भूपेंद्र सरांमुळे. ते मूळचे शहाद्याचे, तिच्या वडिलांच्या ओळखीतले. त्यांची संस्था सिकलसेलच्या रुग्णांसाठी काम करायची. हा आजार रक्तातून, आईबापांकडून येतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि मग अचानक सांधे, पाठ, छाती अशी ठणकायला लागते की माणूस जमिनीवर लोळतो. नवापूरच्या डोंगरांपासून सातपुड्यापर्यंत संस्थेकडे अठराशे रुग्णांची नोंद होती. प्रत्येकाला एक कार्ड, कार्डावर नंबर. गोळ्या कुठे मिळतात, तपासणी कधी, फिरतं पथक आज कुठल्या पाड्यावर, हे सगळं सांगणारं एक जुनं वेबपान संस्थेकडे होतं. पांढऱ्या कागदावर निळ्या ओळी, बाकी काही नाही. माहिती आठवड्यातून एकदा, सोमवारी बदलायची.

स्वप्नालीने चार महिन्यांत त्याच्या जागी नवं ॲप उभं केलं. पाड्यापाड्यावरच्या कार्यकर्त्यांना फोनवर, कार्यालयाला ब्राउझरमध्ये. कार्यकर्त्याने डोंगरावर काही बदललं की कार्यालयात त्याच मिनिटाला दिसावं. भूपेंद्र सरांशी तिचं बोलणं बहुतेक व्हिडिओ कॉलवर व्हायचं. लोक फोन करून काय काय विचारतात हे समजून घ्यायला ती मदतवाहिनीच्या सुसाना गावित या बाईंशी पाच-सहा वेळा फोनवर बोलली होती. सुसानाबाईंची उत्तरं नेमकी असायची. “शंभरातले साठ जण विचारतात, गाडी आज कुठे. वीस जण गोळ्या. बाकीचे रडतात, त्यांना आधी रडू द्यावं लागतं.” स्वप्नालीने हे वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं होतं.

काम हातावेगळं करण्याआधी ती तोरणमाळलाही जाऊन आली. वळणावळणाच्या त्या चढावर जीपमध्ये तिला उलटी झाली, पण वर पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते फोन काढून ॲप उघडण्याचं. पहिल्याच फटक्यात चूक सापडली. नेटवर्क इतकं बारीक होतं की मराठी अक्षरं उतरायलाच तयार नव्हती. सगळीकडे नुसते चौकोन. तिथला कार्यकर्ता जेठ्या पावरा म्हणाला, “हे आम्हाला वाचता येत नाही, ताई. तुम्हाला येतं का?” तिने त्याच्याच ओट्यावर बसून अक्षरांची फाईल ॲपच्या पोटात घातली, ॲपचं वजन निम्म्यावर आणलं, आणि नेटवर्क गेलं तरी शेवटची माहिती फोनमध्ये राहील अशी सोय केली. घाट उतरताना तिला वाटलं, आता यात कोणी बोट ठेवून दाखवावं.

शुक्रवारी विसरवाडीला संस्थेच्या कार्यालयात तिने ते सगळ्यांना दाखवलं. खाली महामार्गावरून ट्रक जात होते आणि वर भिंतीवर प्रोजेक्टरने तालुक्यांचा नकाशा उमटत होता. हिरवा ठिपका म्हणजे केंद्रात गोळ्या आहेत, लाल म्हणजे नाहीत, निळी गाडी म्हणजे फिरतं पथक. जेठ्याने तोरणमाळहून गाडी सरकवली आणि भिंतीवरची गाडी सरकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भूपेंद्र सर म्हणाले, “बठ्ठं बराबर शे. सोमवारले जुनं बंद करी टाकूत.”

“सुसानाताई कुठे आहेत? त्यांना दाखवायचं राहिलं,” स्वप्नाली म्हणाली.

“ती फोनवर. तिची खोली मागे.”

मागची खोली लहान होती. टेबलाशी चाळिशीची एक बाई ताठ बसली होती. एका कानाला फोनचा हेडफोन, दुसऱ्या कानाला संगणकाचा. समोरचा मॉनिटर बंद होता. ती पावरी बोलीत कोणाशी तरी बोलत होती आणि डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर चालत होती. बोलता बोलता तिने एक तारीख सांगितली, पुन्हा सांगितली, समोरच्याकडून म्हणवून घेतली आणि फोन ठेवला.

“कोण?” तिने दाराकडे मान वळवून विचारलं. नजर मात्र दाराच्या थोडी बाजूला गेली.

तेव्हा स्वप्नालीला कळलं. चार महिन्यांत तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं नव्हतं कोणी. संस्थेत सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. सुसाना सात वर्षांची असताना गोवरात तिचे डोळे गेले होते. सुरतेला शिकली, संगणक शिकली आणि गेली अकरा वर्षं ही खोली एकटी सांभाळत होती. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तिच्या उजव्या कानात इतक्या वेगाने बोलायचा की दुसऱ्याला नुसती चिमण्यांची किलबिल ऐकू यावी.

“मी स्वप्नाली. नवं ॲप दाखवायला आले.”

“ये मॅडम, बस. उघड.”

स्वप्नालीने ब्राउझरमध्ये ॲप उघडलं. सुसानाने बाण दाबला, पुन्हा दाबला. मग हेडफोनची पिन उपटली, स्वप्नालीलाही ऐकू यावं म्हणून. संगणकाने पानाचं नाव वाचलं आणि गप्प झाला.

“पुढे?” सुसाना म्हणाली.

“पुढे नकाशा आहे. वर शोधायची जागा आहे. डाव्या बाजूला...”

“इथे काही नाही.” तिने आणखी एक कळ दाबली. संगणक इंग्रजीत काहीतरी बोलला. “थांब. एक बटण आहे. एनेबल ॲक्सेसिबिलिटी म्हणतंय. हे कसलं?”

स्वप्नाली मॉनिटर चालू करून वाकून पाहायला लागली. असं बटण पडद्यावर कुठेच नव्हतं. तिने बनवलं नव्हतं, कधी पाहिलं नव्हतं. “असं बटण नाहीये, ताई.”

“आहे. मी त्याच्यावर उभी आहे. दाबू?”

तिने दाबलं. संगणक जागा झाला आणि भराभरा म्हणायला लागला, बटण, बटण, बटण, चित्र, बटण. मधूनच इंग्रजी आवाजात मराठी शब्द चघळून टाकल्यासारखे यायचे. सुसानाने पंधरा-वीस कळा दाबून पाहिल्या, मग हात मांडीवर ठेवले.

“मॅडम,” ती शांतपणे म्हणाली, “अठरा बटणं आहेत. एकालाही नाव नाही.”

स्वप्नालीला घाम फुटला. काय झालं होतं हे तिच्या डोक्यात आता उलगडत होतं. तिचं फ्रेमवर्क ब्राउझरमध्ये सगळं पान रंगाऱ्यासारखं रंगवतं. म्हणून तर ते सगळीकडे सारखं दिसतं. डोळ्यांना त्यात अक्षरं दिसतात. स्क्रीन रीडरला मात्र तो कोरा कागद. त्याच्यासाठी मागे एक वेगळी, न दिसणारी मांडणी करावी लागते, आणि ती मागितल्याशिवाय फ्रेमवर्क करत नाही. ती मागायचं हेच बटण, ‘एनेबल ॲक्सेसिबिलिटी’, म्हणजे ‘दिव्यांगांसाठीची सोय सुरू करा’, पडद्याबाहेर लपवलेलं असतं. याविषयी तिने कधीतरी दोन ओळी वाचल्या होत्या आणि पुढे गेली होती. आपल्याच पानावरचं जे बटण तिने कधी पाहिलं नव्हतं, ते या बाईला अर्ध्या मिनिटात सापडलं होतं.

तेवढ्यात भूपेंद्र सर दारात आले. दोघींचे चेहरे पाहून थबकले.

“काय व्हयनं वं?”

स्वप्नालीने सरळ सांगितलं. “सर, हे ताईंना वापरता येत नाही. एक अक्षरही वाचता येत नाही.”

सरांना जे सुचलं ते बोलले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. “सोमवारी जुनं बंद होणार, तसं सगळ्या कार्यकर्त्यांना कळवूनही झालंय. असं करू, सुसानाच्या शेजारी एक मुलगी बसवू. ती बघून सांगेल, सुसाना बोलेल.”

सुसाना हसली. “सर, ती बघेल, ती शोधेल, ती मला सांगेल आणि मी फोनवर सांगेन. मग आठ दिवसांनी तुम्हीच म्हणाल, फोनही तीच घेऊ दे. बरोबरच आहे ते. मी पण तेच म्हटलं असतं.”

खाली एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला.

“मुलगी बसवू नका,” स्वप्नाली म्हणाली. “चूक माझी आहे. काम माझं आहे. जुनं पान पुढच्या शुक्रवारपर्यंत चालू ठेवा, मी तोवर इथेच राहते. शुक्रवारी ताई म्हणतील तरच बंद करायचं. त्या नाही म्हणाल्या तर मदतवाहिनीपुरतं मी साध्या पद्धतीनं वेगळं पान लिहून देईन. पण मला वाटतं, त्याची गरज पडणार नाही.”

“इतकी खात्री?” सरांनी विचारलं.

“हो.”

ही खात्री तोंडदेखली नव्हती. चूक दिसली तेव्हा तिला घाम फुटला होता हे खरं. पण चूक कुठे आहे ते कळल्यावर तिच्या अंगात नेहमीचं बळ परत आलं. न दिसणारी चूक तिला घाबरवायची, सापडलेली नाही.

“राहशील कुठे?” सुसाना म्हणाली. “माझ्याकडे चल. भावजय माहेरी गेलीय, खोली रिकामी आहे.”

सुसानाचं गाव विसरवाडीहून मोटारसायकलने वीस मिनिटांवर. तिचा भाऊ स्टीफन रोज सकाळी तिला सोडायचा, संध्याकाळी न्यायचा. आता तो दोघींना न्यायला लागला. स्वप्नालीने छबूबाईला फोन करून सांगितलं, तेव्हा आईने एवढंच विचारलं, “खावाले काय देतस?” नागलीची भाकरी आणि तुरीच्या शेंगांची आमटी म्हटल्यावर ती निश्चिंत झाली.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. पहिला अर्धा तास सोपा होता. लपलेलं बटण दाबायची वेळच येऊ नये म्हणून स्वप्नालीने ती मागची मांडणी पान उघडताच तयार व्हावी असं लिहिलं. दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी निघाली. पान मराठीत आहे हे तिने कुठे लिहिलंच नव्हतं, म्हणून स्क्रीन रीडर त्याला इंग्रजी समजून वाचत होता. एक शब्द लिहिला आणि संगणक स्वच्छ मराठीत बोलायला लागला. स्वप्नालीने विजयी चेहऱ्याने सुसानाकडे पाहिलं आणि मग आपण कोणाला चेहरा दाखवतोय हे लक्षात येऊन तोंडानेच म्हणाली, “झालं!”

“काय झालं? बटणांना नावं कुठेत?”

बटणांना नावं दिली. मग सुसानाने मॉनिटरची कळ चाचपून तो बंद केला. “आता तू चालव. एकशे बारा नंबरचं कार्ड काढ.”

आपणच बांधलेलं ॲप. स्वप्नालीने बाण दाबला. ‘शोधा, बटण.’ पुन्हा दाबला. ‘नकाशा, चित्र.’ पुन्हा दाबला. ‘परत, बटण.’ नंबर लिहायची जागा कुठे गेली? डोळ्यांना ती सगळ्यांत वर दिसायची, पण मागच्या मांडणीत ती सतरावी होती. ती तिथे पोचली, नंबर लिहिला, एंटर दाबलं. शांतता.

“सापडलं का?” सुसानाने विचारलं.

“माहीत नाही. पडद्यावर आलं असेल.”

“हां,” सुसाना म्हणाली. “असेल.”

दुपारपर्यंत नंबरची जागा पहिली झाली आणि एंटर दाबताच संगणक आपणहून बोलायला लागला, ‘एक रुग्ण सापडला.’ मधे मधे फोन यायचे. सुसाना ते जुन्या पानावर घ्यायची आणि स्वप्नाली बाजूला बसून ऐकायची. ही बाई पाच भाषा बोलायची, आणि समोरच्याच्या पहिल्याच शब्दावरून भाषा ठरवायची.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर सुसानाच्या अंगणात दोघींचं पहिलं भांडण झालं. भांडण नकाशावरून. तो नकाशा हे स्वप्नालीचं लाडकं काम होतं. त्यासाठी ती आठ दिवस बसली होती.

“हिरवा म्हणजे काय?” सुसाना म्हणाली. “हा लॅपटॉप मला म्हणतो, केंद्र, हिरवा. मी फोनवर सांगू का, मावशी, केंद्र हिरवा आहे?”

“हिरवा म्हणजे गोळ्या आहेत.”

“मग गोळ्या आहेत असं लिही.”

“प्रत्येक ठिपक्यावर लिहिलं तर नकाशा भरून जाईल. दिसायला...” स्वप्नाली थांबली.

“दिसायला कसा ते मला सांगू नको,” सुसाना म्हणाली. रागाने नव्हे, पण सोडणारही नाही अशा आवाजात. “कामाला कसा ते सांग.”

स्वप्नाली थोडा वेळ अंगणात फेऱ्या मारत राहिली. मग तिने तोरणमाळला जेठ्याला फोन लावला आणि सहज विचारलं, ठिपके कसे वाटतात. जेठ्या म्हणाला, “खरं सांगू का ताई, उन्हात लाल काय आणि हिरवा काय, मला सगळे काळेच दिसतात. मी झाडाखाली जाऊन बघतो.” त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नकाशा दुसऱ्या पानावर गेला आणि पहिल्या पानावर नुसती यादी आली: केंद्राचं नाव, गोळ्या आहेत, गोळ्या नाहीत, पथक इथे आहे. फोनवरही तीच, ब्राउझरमध्येही तीच. एकदाच लिहिली होती.

सोमवारी आणखी एक अडचण उभी राहिली आणि या वेळी स्वप्नाली खरोखर अडकली. मागची मांडणी सतत तयार ठेवायची म्हणजे संगणकाला दुप्पट काम. आणि अठराशे रुग्णांची यादी उघडली की सुसानाचा जुना संगणक बसकण मारायचा. एक कळ दाबली की तीन सेकंदांनी आवाज. दिवसभर स्वप्नाली यादी हलकी करायच्या खटपटी करत राहिली. तीन सेकंदांचे दोन झाले, दोनाचा दीड झाला, त्याखाली जाईना. मंगळवारी सकाळी मोटारसायकलवर, वाऱ्यात ओरडून ती सुसानाला म्हणाली, “ती यादी तेवढी जड आहे, ताई!”

“कुठली यादी?” सुसानानेही ओरडून विचारलं.

“रुग्णांची! अठराशे नावांची!”

“ती मी कधी वाचते? मला नंबर टाकला की माणूस हवा! नंबर नसला तर गाव आणि नाव! यादी कोणाला हवीय?”

स्वप्नाली मागे बसून मोठ्याने हसायला लागली. स्टीफनला वाटलं काही पडलं, त्याने गाडी थांबवली. यादी कोणालाच नको होती. जुन्या पानावर ती होती म्हणून तिने नव्यावर घेतली होती. कार्यालयात पोचल्यावर तिने ती सरळ काढून टाकली आणि ॲप चांगल्या डांबरी रस्त्यावरच्या गाडीसारखं पळायला लागलं.

बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास फोन आला. सुसानासमोर दोन खिडक्या उघड्या होत्या, एकीत जुनं पान, एकीत नवं. ठरलं होतं असं की खऱ्या फोनला अजून जुनंच वापरायचं.

पलीकडे सुरुपसिंग नावाचा माणूस होता, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. त्याची बायको धनुबाई सकाळपासून कंबर आणि छाती धरून पडली होती. आवाज धापा टाकल्यासारखा येत होता. नेटवर्कसाठी तो टेकडीवर चढून आला होता. सुसानाने पावरीत दोन वाक्यं बोलून त्याचा श्वास खाली आणला. कार्डाचा नंबर विचारला आणि जुन्या पानावर टाकला. पानाने सांगितलं, पथक शुक्रवारी त्या भागात. म्हणजे आज नाही. खाली शहादा गाठायचं तर पाड्यावर गाडी मिळायला हवी, मग घाट, तीन-चार तास.

सुसानाची बोटं थांबली. स्वप्नाली बाजूला बसली होती. तिला शब्द कळत नव्हते, पण थांबलेली बोटं कळली. मग सुसानाने खिडकी बदलली. नंबर टाकला.

उजव्या कानात नवं ॲप बोललं. धनुबाई, वय एकतीस, रक्तगट, मागचा त्रास कधी, कुठलं औषध चालत नाही. आणि त्याच्याखाली: ‘फिरतं पथक, आज, चार किलोमीटरवर. नोंद बावीस मिनिटांपूर्वी, जेठ्या पावरा.’

पथकाचा वार आदल्या दिवशी बदलला होता. जुन्या पानाला ते थेट पुढच्या सोमवारी कळलं असतं. जेठ्याने पोचल्या पोचल्या आपल्या फोनवर एक बोट लावलं होतं, आणि ते विसरवाडीच्या मागच्या खोलीत बोललं होतं.

सुसानाने सुरुपसिंगला तिथेच थांबायला सांगितलं. दुसऱ्या फोनवरून जेठ्याला लावला, पाड्याचं नाव, घराची खूण, कुठलं औषध चालत नाही, सगळं सांगितलं. मग पुन्हा पहिल्या फोनवर: धनुबाईला पाणी पाजत राहा, अंगावर पांघरूण घाल, थंडी लागू देऊ नको, रस्त्यावर एक माणूस उभा कर, डॉक्टर निघालेत. एवढ्या सगळ्याला चार मिनिटं लागली. फोन ठेवल्यावर तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

“काय झालं?” स्वप्नालीने विचारलं.

सुसानाने सगळं सांगितलं. पाऊण तासाने संगणक आपणहून बोलला. जेठ्याने नोंद केली होती: ‘धनुबाई, सलाईन सुरू, वेदना कमी, संध्याकाळी शहाद्याला हलवणार.’ सुसानाने ते दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा आवाज हळू करून, शब्द शब्द.

“बंद कर,” ती म्हणाली.

“काय?”

“जुनं. सरांना सांग, शुक्रवारपर्यंत थांबायची गरज नाही.”

भूपेंद्र सर ऐकून धावत आले. सुसानाच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी दोनदा चष्मा पुसला. “ते मुलगी बसवायचं मी बोललो...” त्यांनी सुरुवात केली.

“सर, मुलगी हवीच आहे मला,” सुसाना म्हणाली. “फोन वाढणार आहेत आता. पण तिला मी शिकवेन आणि ती माझ्यासारखी चालवायला शिकेल. मॉनिटर बंद करून. मग तिचं लक्ष पडद्यावर नाही, फोनवरच्या माणसाकडे राहील.”

सरांनी मान डोलावली, मग आठवण होऊन तोंडाने “हो” म्हणाले.

गुरुवारी स्वप्नाली परत निघाली. विसरवाडीच्या फाट्यावर नंदुरबारच्या गाडीची वाट बघत उभी असताना सुरतेहून एका कापड व्यापाऱ्याचा फोन आला. त्याला ॲप हवं होतं, फोनवर आणि ब्राउझरवर, महिन्याभरात होईल का?

“होईल,” ती म्हणाली. “पण माझी एक अट आहे. पहिला पडदा तयार झाला की आमच्या एक ताई तो तपासतील. त्या हो म्हणाल्याशिवाय मी दुसऱ्या पडद्याला हात लावत नाही.”

“या ताई कोण? तुमच्या सिनियर का?”

“हो,” स्वप्नाली म्हणाली, “सिनियरच.”

हे तिने सुसानाला विचारलं नव्हतं. गाडीत जागा मिळाल्यावर तिने फोन करून विचारलं. सुसाना म्हणाली, सुरतेत शिकले आहे, गुजरातीत वाचून घेता येईल, आणि शिव्याही गुजरातीत देता येतील. मग घाईने म्हणाली, फोन येतोय, ठेवते.

शुक्रवारी सकाळी स्वप्नाली कळसाडीत उठली तेव्हा सुसानाचे सहा आवाजी निरोप येऊन पडले होते. पहिल्यात ती म्हणत होती, तारीख वाचताना महिना आधी येतो आणि दिवस नंतर, म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ होतो. दुसऱ्यात, ‘परत’ म्हटलं की ॲप फार मागे जातं. तिसरा निरोप संपायच्या आत स्वप्नालीने चहाचा कप बाजूला सरकवला, लॅपटॉप उघडला, पडद्याचा उजेड शून्यावर आणला आणि कानात हेडफोन घातले.